शेवंती कुठे गेली?

१

त्या सोमवारी सकाळी तुळशीदास सरांच्या ओटीवर आठ मढी ओळीने मांडली होती. सगळी माशांची. बोटभर लांब, पिवळीधमक, आणि खाली ओला झालेला कालचा पेपर.

डॉ. पुष्पलता वारघडे तिथे पोचली तेव्हा तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. मोखाडा तालुक्यातल्या जनावरांच्या तीन दवाखान्यांचा भार गेली चार वर्षं तिच्या एकटीच्या गळ्यात होता. पहाटेपासून ती एका पाड्यावर कोंबड्यांच्या मानमोडीच्या साथीमागे धावत होती. तिथल्या बाईने नेहमीप्रमाणे दोन धडधाकट कोंबड्या आधीच कुणाकडे तरी पोचवल्या होत्या. "कुठे पाठवल्यास?" म्हणून विचारलं तर बाई जमिनीकडे बघत उभी. साथीतली कोंबडी दुसऱ्या गावी पाठवू नका, या एका गोष्टीवर पुष्पलता बावीस वर्षं घसा कोरडा करत आली होती, आणि बावीस वर्षांत एकाही बाईने तिला गावाचं नाव सांगितलं नव्हतं.

त्यात सरांचा फोन. "पुष्पे, आत्ताच्या आत्ता ये. घरात विषप्रयोग झालाय."

ज्यांनी आपल्याला बेडूक कापायला शिकवला त्या माणसाला नाही म्हणता येत नाही. ती आली. अंगणात आंब्याच्या सात कलमांचे बुंधे निळसर लेप देऊन रंगवलेले, तुळशीपाशी सडा, सगळं जागच्या जागी. फक्त सर जागेवर नव्हते. सत्तरीचा ताठ माणूस ओटीच्या पायरीवर गुडघ्यांत मान घालून बसला होता.

"नऊ होते," सर म्हणाले. "आठ मेले. नववी शेवंती. ती टाकीतही नाही आणि या मढ्यांतही नाही."

शेवंती कोण, हे पुष्पलताला सांगावं लागलं नाही. सरांच्या बायकोने, पारूकाकूंनी, आजारपणात हे मासे पाळले होते. आफ्रिकेतल्या कुठल्या तरी तळ्यातल्या सिक्लिड जातीचे. जव्हारच्या विनोदने आणून दिले होते. काकूंना शेवटी शेवटी पलंगावरून उठवत नसे, तेव्हा त्या कुशीवर वळून टाकीकडे बघत पडायच्या. शेपटीला खाच असलेल्या मादीला त्यांनीच शेवंती हे नाव दिलं. काकूंना जाऊन वर्ष झालं. सरांच्या घरात त्यांच्या हातचे असे ते नऊ जीव तेवढे उरले होते.

"पाण्यात कुणी काही टाकलं होतं का, सर?" पुष्पलताने विचारलं.

"विषाशिवाय कोण काय टाकणार?" सर उसळून म्हणाले. "आणि कुणी टाकलं तेही कळलंय. हेमंत, दाखव."

सरांचा पुतण्या हेमंत मागच्या खोलीतून आला. त्याने मूठ उघडली. तळहातावर चार गेळफळं होती.

२

गेळा म्हणजे रानातलं काटेरी झाड. त्याची फळं ठेचून डोहात टाकली की मासे गुंगून वर येतात, हे या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि सरांच्या घरात डोंगरातलं माणूस एकच होतं, ते म्हणजे घरकाम करणारी गंगी. सूर्यमाळजवळच्या पाड्यावरची. काकूंचं सगळं हगणंमुतणं तिनेच काढलं होतं. मागच्या खोलीत ती आणि तिची पोर रोशनी राहायच्या. रोशनी बारावीला होती, शास्त्र शाखेला, आणि सर तिला रोज संध्याकाळी शिकवायचे.

"काल रविवार, गंगी गावी गेली," हेमंत सांगू लागला. हा कुठल्याशा कार्यालयात कारकून होता आणि पंचनाम्यासारखंच बोलायचा. "सकाळी दहाच्या जीपमध्ये बसली. मांडीवर झाकणाचा स्टीलचा डबा. जीपवाला म्हणाला टपावर ठेव, तर म्हणे, नाय, हलतो. बाकीच्यांना मारायचं आणि एक चोरून न्यायचा, असा साधा हिशेब आहे."

"चोरायचा मासा चोरला, मग बाकीचे मारले कशाला?" पुष्पलताने विचारलं.

हेमंतने फळांची मूठ मिटली. पण सरांच्या ओटीपुढे तोवर शेजारपाजार जमला होता आणि गर्दीला उत्तर लागत नाही. सरांनी सगळ्यांदेखत गंगीला चोर म्हटलं होतं. आज संध्याकाळपर्यंत खोली खाली कर, असंही.

गंगी मोरीपाशी भांडी घासत बसली होती. कामावरून काढलेली बाई भांडी घासत बसते, हे बघून पुष्पलताला उगाच आणखी थकल्यासारखं झालं.

"गंगे, ती फळं तुझी?"

"माझीच. तांदळाच्या डब्यात ठेवलीती. पोरकिडा लागत नाय."

"आणि शेवंती? तू नेलीस?"

गंगीने चमचा राखेने घासला, विसळला, पुन्हा घासला. एवढा तो काय मळला होता कोण जाणे. "मी चोरला नाय," ती म्हणाली.

"नेलीस का, ते विचारतेय."

"चोरला नाय."

"मग कुठे आहे ती?"

गंगी खाली बघत राहिली. ही नजर आपण आजच कुठेतरी पाहिली आहे असं पुष्पलताला वाटलं. पण पहाटेपासून इतक्या नजरा पाहून झाल्या होत्या की कुठली ते आठवेना.

ती टाकीकडे गेली. गेळफळ एकही फुटलेलं नव्हतं, चारही आख्खी. आणि ठेचलेला गेळा पाण्यात पडला की साबणासारखा फेस येतो. टाकीच्या काचेवर फेसाचा डाग नव्हता. म्हणजे गेळा सुटला. मात्र तळाच्या वाळूत, दगडावर, काचेच्या कोपऱ्यात बारक्या गोगलगाई निपचित पडल्या होत्या, झाडून सगळ्या. पाणी गाळायच्या यंत्रातला पांढरा कापूस बाहेर काढला तर त्याला निळसर झाक. शेवाळ असेल, असं म्हणून तिने तो बाटलीत भरला.

निघताना गंगी फाटकाशी आली. "डॉक्टरीणबाय, गुरुवारी दुपारी भट्टीचा टेम्पो हाय," ती हळूच म्हणाली. "माझा काय, मी वीट थापीन. पोरीचा बारावीचा फारम भरलाय."

३

मंगळवारी जव्हारला मीटिंग होती. लसीकरण किती टक्के झालं, ते शंभर टक्के का झालं नाही, आणि पुढच्या महिन्यात एकशे दहा टक्के कसं करणार, यावर तीन तास गेले. पुष्पलताने चौथा तास विनोदच्या दुकानात घातला.

विनोद पंचविशीतला. दुकानात एका बाजूला मोबाइलची कव्हरं, दुसऱ्या बाजूला मासे. आठ मेल्याचं ऐकून तो मटकन स्टुलावर बसला.

"सरांनी शनिवारी फोन केला होता," तो म्हणाला. "म्हणाले, शेवंती पंधरा-वीस दिवस खात नाही. मी म्हटलं, नुसतं खात नाही म्हणजे लगेच आजार नव्हे. सिक्लिड आजारी पडला तर तो सांगतो, मॅडम. रंग काळवंडतो, पंख अंगाला चिकटवून कोपरा धरतो, दगडाला अंग घासतो. पोट फुगलं आणि विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी आली तर आतडं गेलं समजायचं. पाण्यावर येऊन धापा टाकत असला तर दोष पाण्याचा. यातलं काय दिसतंय, असं विचारेपर्यंत फोन कट."

"मग तू काय सांगितलंस?"

"गुरुवारी येतो म्हटलं. तोवर चौथा हिस्सा पाणी बदला, बाकी हात लावू नका. आधी पाणी बघायचं, मग मासा, औषध सगळ्यात शेवटी. मी हजारदा सांगतो. पण लोक व्हिडिओ बघतात आणि डॉक्टर होतात." मग तो ओशाळला. "तुम्हाला नाही म्हणालो."

पुष्पलताने बाटली पुढे केली. विनोदने तो कापूस उजेडात धरला, बराच वेळ फिरवून पाहिला.

"गोगलगाई जगल्या का?"

"एकही नाही."

"मग हे तांबं, मॅडम. अंगावर पांढरे ठिपके आले की तांब्याचं औषध देतात. पण ते थेंब मोजून द्यायचं असतं. जरा जास्त पडलं की आधी गोगलगाय जाते, मग मासा. मी तर ते दुकानात ठेवतच नाही. असली निळाई यायला थेंब नाही, चमचे पडायला हवेत."

परतीच्या एसटीत तिला झोप लागली नाही. आठ मासे गेळ्याने नाही, तांब्याने मेले होते. हेमंतला सरांच्या पुढच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान काढायचं होतं आणि टाकी नेमकी तिथे होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण हेमंतने तांबं टाकलं असलं, तर शेवंती गंगीच्या डब्यात का?

४

बुधवारी दुपारी रोशनी दवाखान्यात आली. एका शेळीला टाके घालणं चालू होतं. पोर मुकाट्याने शेळीचे मागचे पाय धरून उभी राहिली. टाके संपले तसे तिचे डोळे भरून आले.

"मॅडम, आई काहीच बोलत नाही. मी तिच्या पाया पडले. म्हटलं, मला तरी सांग. तर म्हणते, आत्ता नाव घ्यायचं नाही."

"कशाचं नाव?"

"माहीत नाही. मी रविवारी शाळेत जादा तासाला होते. संध्याकाळी आले तर सर झोपलेले, टाकीचा दिवा बंद. सकाळी मीच पाहिलं पहिल्यांदा." तिने नाक पुसलं. "आम्ही सोमवारपासून मैत्रिणीच्या पडवीत राहतोय. उद्या सकाळी सूर्यमाळला जाऊ आणि तिथनं टेम्पो. माझी पुस्तकं सरांकडेच राहिलीत. मागायची लाज वाटते."

पुष्पलता हात धुवायला वळली. या तालुक्यात दिवाळी झाली की निम्म्या पोरांची दप्तरं खुंटीला लागतात, हे ती लहानपणापासून बघत आली होती. ती स्वतः सुटली होती, कारण तिच्या वडिलांना मास्तरकी मिळाली. बास, तेवढ्यावर सुटली होती.

"माशांना खायला कोण घालायचं?" तिने विचारलं.

"मीच. रोज दोन चिमट्या. शनिवारपर्यंत सगळे हावरटासारखे खायचे, मॅडम. फक्त शेवंती नाही. ती दगडाखाली बसून असायची. तिचा गळा सुजला होता, खालून, पिशवी लोंबावी तसा. आणि तोंड सारखं हलवायची."

"म्हणजे कसं?"

रोशनीने करून दाखवलं. ओठ मिटलेले, गाल हळूहळू हलताहेत. जणू गुळाचा खडा चघळतेय, आणि गिळायचा मात्र नाही.

"सरांना वाटलं तिच्या घशात गाठ आलीय. रविवारी सकाळी ते आईला म्हणाले, गंगे, घरात रोग शिरलाय, आज काय तो सोक्षमोक्ष लावतो. ते ऐकून आईने हातातला झाडू खाली ठेवला होता. मी जेवणाचा डबा घेऊन शाळेला निघाले तेव्हा ती टाकीसमोरच उभी होती."

खात नाही, पण पंख मिटलेले नाहीत. गळा सुजला, पण रंग गेला नाही. पुष्पलताने आपल्या जुन्या वह्या मनात चाळल्या, पण गायीम्हशींच्या पलीकडे त्यांत फार काही नव्हतं. आणि उद्याच्या टेम्पोला एक दिवस उरला होता.

५

गुरुवारी मोखाड्याचा बाजार भरला होता. पुष्पलता घरची भाजी घ्यायला गेली आणि घाईत मासळीच्या रांगेत शिरली. भागी नावाची म्हातारी पाटीत धरणातली चिलापी मांडून बसली होती. कुणाला तरी अर्धा किलो तोलून देताना तिने एका जाड चिलापीचं डोकं दाबलं, आणि माशाच्या तोंडातून पिवळे मोत्यासारखे दाणे पाटीत ओघळले.

"हे काय, मावशी?"

"अंडी ती," भागी म्हणाली. "चिलापीची बायको पोरां तोंडात वागवते ना. निघंपर्यंत खात नाय काय नाय. तोंड मिटून बसते. म्हैना गेला तरी बसते. तू जनावरांची डॉक्टरीण ना गो? तुला ठावं नाय?"

पुष्पलता तिथेच, शेजारच्या कांद्याच्या पोत्यावर बसली. नाही गो, ठाऊक नव्हतं. निदान वेळेवर आठवलं नव्हतं. चिलापी आणि काकूंचे पिवळे मासे एकाच कुळातले, दोन्ही सिक्लिडच. सुजलेला गळा, मिटलेलं तोंड, पंधरा-वीस दिवसांचा उपास. शेवंती आजारी नव्हतीच. शेवंती लेकुरवाळी होती.

हे मोखाड्यात कुणाला ओळखता आलं असतं? शाकाहारी सरांनी जन्मात मासा हातात धरला नव्हता. हेमंतने धरला असेल तो तळलेला. पण डोहात उतरून चिलापी धरणाऱ्या गंगीला एका नजरेत कळलं असणार. आणि सोमवारची ती खाली झुकलेली नजर पुष्पलताला आता आठवली. पाड्यावरच्या मानमोडीवाल्या बाईची! घरात रोग शिरला की आजारी जीव बाहेर काढायचा नाही. धडधाकट असेल तो, अंडी देणारा, तो काढायचा आणि दूरच्या पाड्यावर ठेवायचा. याला बी राखणं म्हणतात. आणि रोग निवेपर्यंत त्या गावाचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की रोग वाट विचारत तिथे जातो.

बावीस वर्षं जिच्यावर ती खेकसत आली, ती रीत आज तिच्यासमोर उभी राहिली होती. उरलं होतं एवढंच, की तांबं कुठून आलं. आणि पोत्यावरून उठताना तेही तिला कळलं. सोमवारी तिने ते पाहिलं होतं, त्याच्या शेजारून चालत गेली होती. तिला वाटलं, नसतं कळलं तर बरं झालं असतं.

६

सर टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. टाकी रिकामी. हेमंत दारात उभा.

"सर," पुष्पलता म्हणाली, "आंब्याच्या लेपातलं मोरचूद किती उरलंय?"

"असेल पावशेर." सरांनी मान वर केली. "का गं?"

"मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. आठवीत तुम्हीच शिकवलंत. कापसाला त्याची निळाई लागलीय, गोगलगाई त्याने मेल्या. मी सोमवारी विचारलं होतं, पाण्यात कुणी काही टाकलं का."

"मी टाकलं ना," सर लगेच म्हणाले. "रविवारी दुपारी. दोन चमचे. व्हिडिओत सांगत होते, तांब्याचं औषध. शेवंती दगडाखालीच असेल असं धरलं. पण मला वाटलं, तू विषाचं विचारतेयस. मी तर औषध दिलं होतं."

एवढं बोलून ते थांबले. विज्ञान शिकवण्यात छत्तीस वर्षं घालवलेला माणूस. दोन आणि दोन मांडायला त्यांना कुणाची मदत लागली नाही. पुष्पलता खिडकीबाहेर बघत राहिली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण ती रोज कुणाला तरी ऐकवायची. आज तोंडावर आली आणि तिने गिळून टाकली. इथे तर रेड्यालाही रोग नव्हता.

"दोन चमचे," सर पुटपुटले. "झाडाच्या हिशेबाने."

"शेवंती आजारी नव्हती, सर. तिच्या तोंडात पिल्लं होती. तुम्ही रोग आला म्हणालात, म्हणून गंगीने तिला बी म्हणून बाहेर काढलं. तुम्ही औषध घालण्याच्या आधी. ती चोरी नव्हती. तिने नेली नसती तर आज नऊ मढी मोजली असतीत."

"मग बोलली का नाही ती?" हेमंत म्हणाला. आवाजातला पंचनामा गेला होता.

"नाव घ्यायचं नसतं, म्हणून."

सरांनी टाकीच्या काचेवर हात ठेवला. मग टाकीशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पारूने जेवण टाकलं तेव्हा मी सहा महिने पित्त म्हणत बसलो, पुष्पे. सहा महिने! डॉक्टर म्हणाले, सर, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने एवढा उशीर केला? या वेळी म्हटलं, एक दिवस घालवायचा नाही." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तिच्या वेळी काही केलं नाही म्हणून ती गेली. आणि यांच्या वेळी केलं म्हणून हे."

पुष्पलताला वाटलं, आपण म्हाताऱ्याचा हात धरावा. तिने धरला. शाळेत असताना या हाताची तिला भीती वाटायची.

"सर, दोन वाजता टेम्पो सुटतोय," ती म्हणाली. "आता एक वाजायला आलाय."

हेमंत बाजारात जीप सांगायला पळाला.

७

सूर्यमाळच्या चढावर जीप दोनदा गरम झाली, दोन्ही वेळा हेमंतने उतरून पाणी ओतलं. पाड्याखालच्या वळणावर टेम्पो उभाच होता. वीस-पंचवीस माणसं, हंडे, गोधड्या, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, आणि सगळ्यात वर एक निळं बोचकं धरून बसलेली रोशनी. गंगी खाली उभी राहून दोरी आवळत होती.

सर उतरले. कुणी आधार द्यायच्या आत भराभर चालत टेम्पोपाशी गेले, आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात बोलले. "मंडळी, ऐका. मी सोमवारी मोखाड्यात चारचौघांत गंगीला चोर म्हणालो. ती चोर नाही. माझे मासे मीच मारले, औषध समजून. तिने एक वाचवला. हे उद्या मी माझ्या ओटीवर शेजाऱ्यांसमोर पुन्हा सांगणार आहे."

टेम्पोतली माणसं गोधड्यांवरून वाकून बघू लागली. मास्तर असं बोलतो, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

गंगी दोरी सोडून पुढे आली. "मला ठावं व्हतं, गुरजी," ती म्हणाली. "सोमवारी चमच्याला निळा लागलेला. मीच घासला तो."

पुष्पलताला मोरीपाशी पुन्हा पुन्हा घासला जाणारा तो चमचा आठवला. पुरावा तिच्या डोळ्यांदेखत राखेत धुतला गेला होता.

"अगं, मग तेव्हाच का नाही तोंडावर सांगितलंस?" सर म्हणाले.

"कसा सांगू? बाय गेली तवा तुमी सहा म्हैने भिंतीशी बोलत बसलाव. त्यात हे बी तुमच्याच हातानं गेलं, आसं सांगू? वाटला, चार दिसांनी तुमचा तुमाला कळंल." तिचा आवाज चढला. "चार लोकांत चोर म्हटलाव ना, तवा मातर जीव तुटला माझा. बाईचा गू काढला या हातांनी."

सरांनी हात जोडले. गंगीने ते बघितलं न बघितलंसं केलं आणि झोपडीकडे वळली. "चला. बघा तुमची शेवंती. आता नाव घेतला तरी चालंल. तिकडं काय उरलाच नाय रोगाला."

आत चुलीच्या उबेला, पण जाळापासून हातभर दूर, जर्मनचं मोठं पातेलं होतं. गंगीची सासू येसू त्याच्या शेजारी बसून स्टीलच्या तांब्याने पाणी उचलत होती आणि वरून बारीक धारेने पुन्हा सोडत होती. चार दिवस, दिवसभर तिचं हेच काम चाललं होतं. झऱ्याचं पाणी रोज थोडंथोडं बदलायचं, उरलेल्या वेळात धार धरायची.

"पान्यात वारा जाया पायजे," येसू म्हणाली, कुणाकडे न बघता.

पातेल्यात एक फुटकं कौल पालथं घातलेलं होतं. सर गुडघ्यांवर बसले, चष्मा पुसला, वाकले. कौलाखालून शेपटीला खाच असलेली पिवळी मासोळी बाहेर आली. गळ्याची पिशवी रिकामी, पोट खपाटीला गेलेलं. आणि तिच्याभोवती नखाएवढीही नसलेली वीस-बावीस पिल्लं. येसूच्या तांब्याची सावली पाण्यावर पडली मात्र, शेवंतीने तोंड उघडलं आणि ती सगळी धडपडत आत शिरली. तोंड मिटलं. सावली सरली तशी एकेक करून बाहेर आली.

सर आणखी खाली वाकले. त्यांच्या नाकावरून पाणी ओघळत होतं आणि पुसायचं भान त्यांना नव्हतं. पुष्पलता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आठवडाभरात पहिल्यांदा तिला झोप येऊ लागली होती. मानमोडीवाल्या बाईकडे उद्या पुन्हा जायचं होतं. काय सांगायचं ते सांगणारच होती, पण या वेळी आवाज चढवायचा नाही, असं तिने ठरवलं.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. गंगीने दारातून हाक मारली, "रोशे, बोचका खाली टाक तुझा! माझा ऱ्हाऊ दे वर." आणि सरांकडे वळून म्हणाली, "पोर तुमच्याकडं शिकंल. मी काय करायचा ते मी ठरवीन."

"गंगे, तूही थांब," सर म्हणाले. "आता यांचं काय करायचं ते मला कळत नाही. औषध, खाणं, पाणी... काय करू मी आता?"

गंगीने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली. हॉर्न पुन्हा वाजला. ती वळली, दोन पावलं बाहेर गेली आणि हेमंतला म्हणाली, "दादा, माझा बी बोचका काढ. टेम्पोवाल्याला सांग, जाव दे त्याला."

मग ती चुलीपाशी येऊन बसली, सासूच्या हातातला तांब्या घेतला आणि सरांच्या हातात दिला.

"आता काय बी करायचा नाय, गुरजी," ती म्हणाली. "बसा, आन धार धरा."

सर चुलीपाशी मांडी घालून बसले.